अनोळखी माणसाकडून कॉन्सर्टचं तिकीट: एक सौदा बुडाला, एक जमला

रिव्ह्यू कशाचा ते आधी सांगतो, नंतर शिव्या नको. गायकाचा नाही, कार्यक्रमाचा नाही, कुठल्या ॲपचाही नाही. पुण्यातल्या एका शोची तिकिटं मी दोन अनोळखी माणसांकडून घेतली, त्या दोघांचा हा रिव्ह्यू आहे. पहिल्याला शून्य तारे. दुसऱ्याला चार, पाचवा का कापला ते शेवटी सांगतो. शोचं नाव लिहित नाही, कारण त्यात आयोजकांची काही चूक नव्हती, उगाच त्यांच्या नावाने बोंब नको.

मी जळगावचा. गोलाणी मार्केटला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, अठरा वर्षं झाली. रोज दहा-बारा लोकांचे फोन उघडतो, खोटे चार्जर, खोट्या बॅटऱ्या, खोटे डिस्प्ले हात लावला की कळतात, गिऱ्हाईकाला लेक्चर पण देतो की भो लिंक दाबू नको, ओटीपी सांगू नको. आणि फसलो कोण, तर मी. बायको अजून दुकानाच्या बोर्डाकडे बघून हसते.

झालं असं की भाचीला जायचं होतं. ताईची मुलगी, इथेच कॉलेजला आहे, गेली दोन वर्षं त्या गायकाशिवाय तिच्या कानात दुसरं काही नसतं. तिकीट विक्री सुरू झाली त्या दिवशी माझ्याच दुकानात तीन फोन, एक लॅपटॉप घेऊन बसली, आणि वीस मिनिटांत सगळं सोल्ड आऊट. पोरगी रडकुंडीला आली. मी मामा ना, म्हटलं थांब, बघतो मी.

तिथेच चुकलो. इन्स्टावर त्या शोच्या नावाच्या हॅशटॅगखाली एक पेज सापडलं, वर मोठ्या अक्षरात 'जेन्युइन रिसेल', खाली तीस-चाळीस 'थँक यू ब्रो' वाले स्क्रीनशॉट. मेसेज टाकला तर दीड मिनिटात उत्तर. भाषा गोड. म्हणे मित्राची परीक्षा त्याच दिवशी आली, दोन तिकिटं पडून आहेत, ३,९९९ चं एक, मी ३,५०० ला देतो, नुकसान माझं पण वाया जायला नको. मला वाटलं बिचारा. लगेच तिकिटाची पीडीएफ आली, अर्धा क्यूआर पिवळ्या पट्टीने झाकलेला, 'सेफ्टीसाठी'. त्याच्या मागोमाग आधार कार्डचा फोटो. मागितला पण नव्हता! आता मला कळतंय की ज्याच्याकडे दुसऱ्या कोणाचं आधार पडलेलं असतं तोच न मागता पाठवतो, तुम्ही-आम्ही आपलं आधार असं कोणालाही फेकत नाही.

नाना, म्हणजे माझे वडील, दुकानातच बसलेले होते. त्यांची हयात बैलबाजारात गेली, चोपड्याकडचे आम्ही मूळचे. मी त्यांना फोनवर तिकीट दाखवलं तर चष्मा वर करून म्हणाले, "फोटो देखीसन बैल लेस का कोनी?" मी हसलो. म्हटलं नाना, आता सगळं फोनवरच असतं. ते काही बोलले नाही, पेपर वाचायला लागले.

पैसे टाकताना यूपीआयवर नाव आलं एका बाईचं. मी विचारलं तर म्हणे बहिणीचं अकाऊंट आहे, माझी लिमिट संपली. आणि त्याच वेळी 'भाऊ अजून दोघं लाईनीत आहेत, दहा मिनिटं होल्ड करतो फक्त.' मी सात हजार टाकले. लगेच दुसरा मेसेज, तिकीट तुमच्या नावावर करायला १,९९९ लागतात, रिफंडेबल आहेत, ट्रान्सफर झालं की आपोआप परत येतात. ते पण टाकले!! हे लिहिताना आत्ता सुद्धा कान गरम झाले. मग त्याने एक क्यूआर पाठवला, हा स्कॅन करा, पिन टाका, रिफंड जमा होईल. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, कारण हे वाक्य तर मीच रोज गिऱ्हाईकांना सांगतो की पैसे घ्यायला कधी पिन लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे गेले. मी लिहिलं की पिन कशाला? तर ब्लॉक. पेजच गायब. एकूण ८,९९९.

त्या रात्री झोप नाही. उठलो आणि ती पीडीएफ लॅपटॉपवर मोठी करून बघत बसलो, जसं एखादं मेलेलं मदरबोर्ड भिंगाखाली बघतो तसं. आणि मग एकेक दिसायला लागलं. खाली बिलात लिहिलं होतं कन्व्हीनियन्स फी १८० रुपये, त्याच्यावर जीएसटी २१ रुपये ६० पैसे. आता मी दर महिन्याला जीएसटी भरणारा माणूस. बुकिंग फीवर जीएसटी १८ टक्के असतो, म्हणजे ३२ रुपये ४० पैसे पाहिजे होते. २१.६० म्हणजे १२ टक्के झाले. कुठल्या खऱ्या कंपनीचं कॉम्प्युटर असलं गणित चुकेल? माणसाने हाताने टाकलेला आकडा होता तो. शिवाय तारखेच्या ओळीतल्या आकड्यांचा फॉन्ट किंचित जाड, बाकी सगळा बारीक. म्हणजे जुन्या कुठल्यातरी दुसऱ्या शोच्या खऱ्या तिकिटावर तारीख आणि नाव चिकटवलेलं. झाकलेल्या क्यूआरचा जेवढा भाग दिसत होता तो फोटो गूगल लेन्सला टाकला, तर तेच तिकीट कोणीतरी पोरीने 'फायनली!!!' असं लिहून आपल्या अकाऊंटवर मिरवलेलं. तिला माहीत पण नसेल की तिचं तिकीट जळगावात विकलं गेलं. म्हणून तिकीट मिळालं की फोटो टाकायची खाज असेल तर निदान कोड आणि बुकिंग नंबर तरी झाका रे.

पेज गायब म्हटलं, पण ते मला ब्लॉक केलं होतं म्हणून. भाचीच्या फोनवरून दिसत होतं, चालू धंदा. इन्स्टाला कुठल्याही अकाऊंटवर तीन टिंबं दाबून 'अबाउट धिस अकाऊंट' म्हणून असतं, त्यात अकाऊंट कधी उघडलं आणि नाव कितीदा बदललं ते येतं. याने पाच वेळा बदललेलं. काल बूट विकत असेल, आज तिकीट, उद्या दिवाळीचे फटाके. दोन मिनिटांचं काम होतं हे, आधी केलं असतं तर... जाऊ द्या.

१९३० ला फोन केला, सायबर फसवणुकीचा जो सरकारी नंबर आहे तो. पण केला कधी, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, २६ तासांनी, लाजेपायी. समोरच्या बाई नीट बोलल्या, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवायला सांगितली, यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर हाताशी ठेवा म्हणाल्या. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असे पळत असतात, जेवढ्या लवकर फोन तेवढे मधल्या खात्यात अडकवता येतात. माझे २,३१२ अडकले, होल्डवर आहेत. बाकीचे गेले. त्याच रात्री फोन केला असता तर कदाचित जास्त सापडले असते, लाज महागात पडली.

आता कोणी म्हणेल एवढ्या भानगडीत पडायचं कशाला, रिसेलच्या मोठ्या साईटी असतात ना. असतात. मी पाहिल्या. २०२४ च्या सप्टेंबरात कोल्डप्ले या परदेशी बँडची तिकिटं निघाली तेव्हाचं आठवतं का, मूळ भाव २,५०० पासून ३५,००० पर्यंत आणि परदेशी रिसेल साईटींवर आकडे लाखांत, तिकिटं विकणाऱ्या बुकमायशोला जाहीर करावं लागलं की त्या साईटींशी आमचा काही संबंध नाही. मग ऑक्टोबरमध्ये गायक दिलजीत दोसांझच्या आणि कोल्डप्लेच्या तिकिटांवरून ईडीने पाच राज्यांत छापे टाकले. दिलजीत तर आपल्या शेजारी इंदूरला ८ डिसेंबरला आला तेव्हा स्टेजवरूनच बोलला होता की ब्लॅकमध्ये तिकीट विकलं जातं त्यात कलाकाराचा काय दोष. नानांनी ती बातमी वाचून मला विचारलं होतं की शो एका संध्याकाळचा आणि छापे पाच राज्यांत, हे सोन्याचे तस्कर आहेत का गाण्याचे? आणि कायद्याचं म्हणाल तर जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टात याच्यावर जनहित याचिका होती ती फेटाळली गेली, नियम करणं हे सरकारचं काम असं कोर्टाचं म्हणणं. म्हणजे सध्या तरी आपली नजर हाच आपला कायदा. त्या रिसेल साईटींवर मी तिकीट घेतलं नाही. ३,९९९ चं तिकीट १७ हजाराला, आणि तिकीट हातात कधी येणार तर 'शोच्या आधी'. कोण विकतंय ते पण दिसत नाही. तारे द्यायला सुद्धा काही अनुभव नाही, फक्त भाव बघून बाहेर पडलो.

ताईला सांगायची हिंमत होईना. भाचीलाच सांगितलं शेवटी. तर ती माझ्यावर चिडली नाही, म्हणाली, "मामा, तुम्ही दुकानात गिऱ्हाईकाला जेवढी शंका घेता तेवढी त्याला घ्यायची ना." बरोबरच होतं.

दुसरा सौदा तिनेच शोधला. कॉलेजच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं होतं, भुसावळचा मुलगा, पुण्यात नोकरीला, त्या तारखेला ऑफिसचं काम निघालं, दोन तिकिटं द्यायची आहेत. घरी आलेला होता चार दिवस. मी फोन घेतला आणि आता सरळ मुद्द्यावर. पहिला प्रश्न, तिकीट कुठल्या ॲपवर घेतलं आणि त्यात ट्रान्सफरचं बटण आहे का. आहे म्हणाला. दुसरा, भेटशील का. भेटतो म्हणाला, पण माझ्या मनात पण भीती आहे भाऊ, पब्लिकमध्ये भेटू. मला हे ऐकून बरं वाटलं! ज्याला भीती वाटते तो माणूस असतो. पहिला जो होता त्याला कशाचीच भीती नव्हती, फक्त घाई होती.

ट्रान्सफर म्हणजे काय ते थोडं सांगतो कारण सगळा खेळ इथेच आहे. पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट हे तिकीट नसतं, तिकिटाचा फोटो असतो. गेटवर कोड एकदाच चालतो, पहिल्यांदा ज्याने स्कॅन केला तो आत, मागून तोच कोड घेऊन येणारे नऊ जण बाहेर, आणि दहाही जणांनी पैसे मोजलेले. काही ॲपमध्ये तर कोड दर थोड्या सेकंदांनी बदलत राहतो किंवा शोला काही तास उरले की मगच दिसायला लागतो, तिथे स्क्रीनशॉट म्हणजे रद्दीच. ट्रान्सफर केलं की तिकीट त्याच्या नंबरवरून निघतं आणि तुमच्या नंबरच्या अकाऊंटमध्ये येऊन बसतं, त्याच्याकडचा कोड मेला. म्हणजे त्याने नंतर दुसऱ्या कोणाला विकलं तरी काही फरक पडत नाही. पण हे प्रत्येक शोला नसतं बरं का. काही ठिकाणी ज्याने बुक केलं त्याचंच ओळखपत्र गेटवर मागतात, काही आयोजक रिसेल चालणारच नाही म्हणून नियमात लिहितात आणि तिकीट रद्द करू शकतात. ते नियम तिकिटाच्या खाली बारीक अक्षरात असतात, मी या वेळी भिंगाने वाचले. आमच्या शोला ट्रान्सफर चालत होतं.

भेटायचं ठरलं काव्यरत्नावली चौकात, संध्याकाळी सहाला, जिथे सगळी पोरं बसलेली असतात. मी आणि भाची पावणेसहाला. नाना म्हणाले मी पण येतो. म्हटलं तुम्ही कशाला? तर म्हणे दात बघायला.

तो आला सातला दहा कमी असताना. पन्नास मिनिटं उशीर. तोपर्यंत मी मनातल्या मनात त्याला तीनदा फ्रॉड ठरवून झालो होतो. कपाळावर घाम, भुसावळहून मोटारसायकलने आला होता, हायवेला ट्रॅफिक. आला तो आधी सॉरी म्हणाला, मग नानांच्या पाया पडला. (नाना तिथेच विकत घ्यायला तयार झाले, मी नाही.)

मी म्हटलं गॅलरी नाही, ॲप उघड. उघडलं. पूर्ण बंद करून परत उघड. उघडलं, नेटवर लोड होऊन आलं, दोन तिकिटं. मेल उघड, बुकिंगच्या दिवसाचा मेल काढ. तारीख तीच, भाची दुकानात रडकुंडीला आली होती तीच, वेळ विक्री सुरू झाल्यापासून सात मिनिटांनी. बँकेचा मेसेज काढ त्या दिवशीचा. तो पण होता, ८,४२२ रुपये ८० पैसे. मी गणित केलं, ३,९९९ दुणे ७,९९८, फी ३६०, तिच्यावर १८ टक्के ६४.८०. बरोब्बर. मी त्याला विचारलं नाही की मी काय मोजतोय, पण तो माझ्याकडे असा बघत होता की हा माणूस इन्कम टॅक्सचा आहे का काय.

आणि मग अडलं. पोरगं म्हणतं आधी पैसे, मी म्हणतो आधी तिकीट. दोघांचं पण खरं. मी पैसे टाकले आणि तो किक मारून गेला तर? त्याने तिकीट दिलं आणि मी पैसे टाकल्याचा खोटा स्क्रीन दाखवला तर? हो, आहेत असले ॲप, हुबेहूब हिरवा टिक, 'पेमेंट सक्सेसफुल', आवाज सुद्धा काढतात, माझ्या शेजारच्या कव्हरवाल्याला दोनदा टोपी घातली आहे अशाने, म्हणून तर आता सगळ्यांनी साऊंडबॉक्स बसवलेत. त्या पोराला हे माहीत होतं. म्हणाला, "भाऊ राग मानू नका, पण तुमचा स्क्रीन मी बघणार नाही, माझ्या बँकेत जमा झालेलं बघणार." मी म्हटलं एकदम बरोबर.

मार्ग नानांनी काढला. म्हणाले दोन बैल आहेत ना, एकेक सोडा. म्हणजे त्याने एक तिकीट भाचीच्या नंबरवर ट्रान्सफर करायचं, मी एकाचे पैसे टाकायचे, मग दुसरं. असं ठरलं. त्याने भाचीचा नंबर टाकला, ओटीपी त्याच्याच फोनवर आला, त्याने त्याच्याच ॲपमध्ये टाकला (तुमच्या फोनवर आलेला ओटीपी कोणी मागितला तर उठून चालू पडा), आणि भाचीच्या फोनमध्ये टिंग. तिकीट आलं, तिचं नाव, सीट ब्लॉक, सगळं. मी त्याच्या फोनमध्ये बघितलं, तिथे आता एकच उरलेलं. मग मी ४,२११ टाकले, यूपीआयवर नाव आलं ते त्याचंच, ग्रुपवर होतं तेच, मेलमध्ये होतं तेच.

आणि बँकेचा मेसेज येईना. माझ्याकडे कट झाले, त्याच्याकडे नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे, भाची आमच्या दोघांकडे. चौकात पोरांचा गोंधळ, भेळवाल्याची घंटी, आणि आम्ही चौघं एका फोनकडे बघत उभे. मला पहिल्यांदा कळलं की समोरच्याला चोर समजणं आणि आपल्यालाच कोणी चोर समजणं, दोन्ही एकाच वेळी कसं वाटतं. चार मिनिटांनी त्याचा फोन वाजला, जमा. त्याने लगेच दुसरं तिकीट पाठवलं आणि मी उरलेले ४,२१२ टाकले. या वेळी दहा सेकंदात गेले. जास्तीचे वीस पैसे त्याला सोडून दिले.

त्याने वरचा एक रुपया मागितला नाही. सगळे १०-१५ हजार सांगत होते तेव्हा. मी विचारलं का रे, तर म्हणाला, "मला पण कोणीतरी जेवढ्याचं तेवढ्यालाच दिलं होतं एकदा." त्याला मग आम्ही जवळच शेवभाजी खायला नेलं, तिखट खाऊन त्याचे कान लाल झाले. भुसावळचा असून! पुण्यात राहून जीभ बिघडली म्हणे. नाना त्याला घरचं लग्नाचं विचारायला लागले तेव्हा मी विषय बदलला.

शोच्या आदल्या रात्री भाची आणि तिची मैत्रीण ट्रॅव्हल्सने गेल्या. दुसऱ्या दिवशी मी दुकानात, पण जीव गेटवर. खरं सांगतो, एवढं सगळं तपासून सुद्धा पोटात गोळा होता. सव्वापाचला तिने व्हिडिओ पाठवला, गेटवरचा माणूस मशीन धरतोय, टिट, हिरवा. परत टिट, हिरवा. तिच्या मागे दोन मुलं उभी होती, त्यांचं लाल आलं. त्यातला एक सारखा फोनमधली पीडीएफ मोठी करून दाखवत होता त्या माणसाला, बोटांनी झूम करून, जसं काही नीट दिसलं नाही म्हणून लाल आलंय. व्हिडिओ तिथेच संपला.

तर भुसावळच्या भाऊला चार तारे. पाचवा कापला तो पन्नास मिनिटं उशिराचा, निघालो म्हणून एक फोन तरी करायचा रे.